कॅमेऱ्याच्या लेन्सची काच कंपनी स्वतःच बनवते का? थोडा खुलासा

एक मेसेज फिरतोय की निकॉन, कॅनन, सिग्मा सगळे आपापली काच स्वतःच्या भट्टीत वितळवतात, म्हणून लेन्स एवढ्या महाग. अर्धंच खरंय हे.

निकॉनचं म्हणाल तर हो, त्यांची हिकारी ग्लास नावाची उपकंपनी आहे जपानात अकिता भागात, तिथे ऑप्टिकल काच बनते आणि निकॉन या काचेच्या नादाला 1918 पासून लागलीये. पण हा अपवाद समजा. बाकी बहुतेक जण ओहारा, होया, शॉट असल्या काचवाल्यांकडून कच्ची काच घेतात आणि घासणं, पॉलिश, कोटिंग स्वतः करतात, सिग्माच्या जपानातल्या आइझू कारखान्याचं काम असंच.

कॅननचा घोळ फ्लोराइटमुळे होतो. त्यांची कॅनन ऑप्ट्रॉन ही उपकंपनी फ्लोराइट या खनिजाचे क्रिस्टल वाढवते, 1969 पासून लेन्समध्ये वापरतायत, पण फ्लोराइट म्हणजे काच नव्हेच, क्रिस्टल आहे तो!

झाइस या जर्मन लेन्स कंपनीवाले म्हणतील शॉट आमचीच. 1884 ला जर्मनीतल्या येनामध्ये ऑटो शॉटने भौतिकशास्त्रज्ञ आबे आणि झाइस बापलेकांसोबत ती सुरू केली हे बरोबर, आणि आज दोन्हींची मालकी एकाच फाउंडेशनकडे आहे, पण कंपन्या वेगळ्या, शॉट बाहेरच्यांनाही काच विकते.

आणि स्वतः का नाही बनवत, तर एकेका लेन्समध्ये वेगवेगळ्या प्रकारची काच लागते, प्रत्येकीची थोडीथोडी, त्यासाठी प्लॅटिनमची भांडी आणि हळूहळू थंड करायचा खटाटोप कोण करत बसेल राव.