सेल्फ जॉइनमध्ये एलियसला भूमिकेचं नाव द्या

सेल्फ जॉइनच्या, म्हणजे डेटाबेसमधलं एकच टेबल स्वतःशीच जोडणाऱ्या क्वेरीत ए आणि बी, टी-वन आणि टी-टू असे एलियस (टेबलला त्या क्वेरीपुरती दिलेली टोपणनावं) दिसले की मी रिव्ह्यूमध्ये ती क्वेरी परत पाठवतो. "एवढ्याशा गोष्टीसाठी?" असं विचारतात. हो, एवढ्यासाठीच.

ओरॅकलमध्ये सरावासाठी वापरतात ते एम्प टेबल घ्या. १४ कर्मचारी, आणि प्रत्येकाच्या ओळीत त्याच्या मॅनेजरचा क्रमांक. प्रश्न असा, की स्वतःच्या मॅनेजरपेक्षा जास्त पगार कोणाला? उत्तर दोघांचं: स्कॉट आणि फोर्ड. त्यांना ३०००, त्यांच्या मॅनेजरला, जोन्सला, २९७५. हे शोधायला तेच टेबल दोनदा वाचावं लागतं, एकदा कर्मचारी म्हणून आणि एकदा मॅनेजर म्हणून. (एलियस दिला की टेबलची प्रत तयार होते, हा गैरसमज फार पसरलाय; तसं होत नाही.) दोन्हीकडे तेच नाव ठेवलं तर डेटाबेस सरळ एरर देतो.

पण ए-बी लिहून जॉइनची अट (कोणाच्या ओळीतला मॅनेजरचा क्रमांक कोणाच्या क्रमांकाशी जुळवायचा) उलटी पडली, तर कसलीच एरर येत नाही. दोनाऐवजी ११ ओळी येतात, कारण आता मॅनेजरचा पगार जास्त असलेल्या जोड्या मोजल्या जातात. एलियस 'कर्मचारी' आणि 'मॅनेजर' असतील, तर उलटी अट वाचतानाच खटकते.

सबक्वेरीत, म्हणजे क्वेरीच्या आतल्या क्वेरीत, तर याहून वाईट. आपल्या विभागाच्या सरासरीपेक्षा जास्त पगार असलेले शोधायचेत. आतही तेच टेबल, बाहेरही तेच. एलियस न देता आत 'डेप्टनो बरोबर डेप्टनो' (डेप्टनो म्हणजे विभागाचा क्रमांक) लिहिलं, की दोन्ही बाजू आतल्याच टेबलच्या धरल्या जातात. अट प्रत्येक ओळीला खरी ठरते आणि विभागाची सरासरी बाजूला राहून सगळ्या कंपनीची सरासरी निघते. एम्पवर हे करून बघा: बरोबर क्वेरीला ६ नावं, चुकीच्या क्वेरीलाही ६ नावं! फक्त ॲलन गळतो आणि त्याच्या जागी क्लार्क येतो. ओळी मोजून तपासणाऱ्याला हे कधीच सापडणार नाही. म्हणून माझा आग्रह आहे, की एकच टेबल दोनदा आलं की प्रत्येक कॉलमच्या आधी एलियस हवाच, एररची वाट न बघता.

प्रत्येक कर्मचाऱ्यासमोर त्याचा मॅनेजर दाखवायचा असेल, तर आणखी एक अडचण: कंपनीचा प्रमुख किंग, त्याला मॅनेजर नाही, त्यामुळे साध्या जॉइनमध्ये तो गायब होतो आणि १३ ओळी उरतात. तिथे लेफ्ट जॉइन (जोडी नसली तरी डाव्या बाजूच्या सगळ्या ओळी ठेवणारा) लागतो, आणि कोणती बाजू पूर्ण ठेवायची हेही भूमिकेच्या नावांवरूनच चटकन कळतं.

एक अपवाद मी मानतो. एकाच विभागातल्या दोघादोघांच्या जोड्या काढायच्या असतील, तर दोन्ही बाजू खरोखर सारख्याच असतात. तिथे ए आणि बी चालतील. फक्त कर्मचारी क्रमांकांची तुलना 'वेगळा' अशी न करता 'लहान' अशी करा, नाहीतर प्रत्येक जोडी दोनदा येईल.