मॉन्स म्हणजे मॉन्स्टर नाही हो

परवा भाचा अभ्यास करता करता मध्येच विचारतो, "मामा, ऑलिंपस मॉन्समधला मॉन्स म्हणजे मॉन्स्टर का रे?" मी आधी हसलो आणि मग लक्षात आलं की हे आपल्याला तरी कधी कुणी सांगितलंय. मंगळावरचा ज्वालामुखी, उंची साधारण २२ किमी, एव्हरेस्टच्या अडीच पट, एवढं जीके सगळ्यांना पाठ. नावाचा अर्थ विचारा, सगळे गप.

तर मॉन्स म्हणजे लॅटिनमध्ये डोंगर. बस्स. इंग्लिशमधलं माउंट त्याच घरातलं, फ्रेंच लोकांचं माँ ब्लाँ म्हणजे पांढरा डोंगर, थोडक्यात आपण धवलगिरी म्हणतो तेच. त्यामुळे कुठे 'ऑलिंपस मॉन्स पर्वत' असं छापलेलं दिसलं की मला पिवळा पीतांबर आणि गाईचं गोमूत्र आठवतं. अर्थात आपण फार शहाणपणा करण्यात अर्थ नाही, अद्री म्हणजे डोंगरच, तरी आपण सह्याद्री पर्वत म्हणतोच की रोज.

आणि गंमत बघा, त्या नावात ज्वालामुखी कुठेच नाही. ग्रीसमधला खरा ऑलिंपस, झ्यूस आणि मंडळींचं घर, तो २,९१७ मीटरचा डोंगर आहे आणि तो ज्वालामुखी नाहीच मुळी.

आता माझा खरा वैताग. बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं की हा एवढा अवाढव्य म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला देवांच्या डोंगराचं नाव दिलं. ऐकायला छान वाटतं पण क्रम चक्क उलटा आहे. नाव आधी आलं, डोंगर नंतर सापडला! १८७९ मध्ये मिलानच्या वेधशाळेतून शियापरेली नावाचा इटालियन खगोलशास्त्रज्ञ मंगळ बघत होता (तोच तो, ज्याच्या 'कॅनाली'चं, म्हणजे ओघळींचं, इंग्लिशमध्ये कॅनॉल म्हणजे कालवे झालं आणि लोक मंगळावर कालवे खोदणारी माणसं शोधत बसले), त्याला एक पांढरट ठिपका दिसला. त्याने नाव दिलं निक्स ऑलिंपिका, म्हणजे ऑलिंपसचं बर्फ. त्या काळच्या दुर्बिणीतून मंगळावरचे डोंगर दिसतच नव्हते, दिसायचे ते फक्त उजळ आणि काळपट डाग, आणि त्या डागांना हा माणूस जुन्या ग्रीक-रोमन पुराणांतली, भूगोलातली नावं वाटत सुटला होता. पण त्याला दिसलेलं बर्फही नव्हतं, ते बहुतेक ढग. डोंगराच्या चढावरून हवा वर सरकते, थंड होते आणि तिथे पाण्याच्या बर्फाच्या कणांचे ढग जमतात, आपल्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात होतं त्याच जातीचं काहीतरी. म्हणजे डोंगर दिसला नाही पण त्याने अडवलेले ढग दिसले.

मग थेट १९७१. मरिनर ९ नोव्हेंबरमध्ये मंगळाभोवती फिरायला लागलं, दुसऱ्या ग्रहाभोवती फिरणारं हे पहिलंच यान, आणि पोचलं तेव्हा काय तर अख्ख्या ग्रहावर धुळीचं वादळ. काही म्हणजे काही दिसेना. फक्त चार काळे ठिपके धुळीतून वर डोकावत होते. धूळ बसत गेली तसं कळलं की ही तर ज्वालामुखींची डोकी आहेत, आणि त्यातलं एक बरोबर निक्स ऑलिंपिकाच्या जागेवर! मला ही गोष्ट वाचताना प्रत्येक वेळी काटा येतो. ९२ वर्षं नाव तसंच पडून होतं आणि त्याच्याखालून निघालं काय, तर पायथा सुमारे ६०० किमी रुंद, जवळजवळ आपल्या महाराष्ट्राएवढी जागा व्यापणारं धूड. चढ मात्र सरासरी ५ अंशांचा, त्यावर उभे राहिलात तर डोंगरावर आहोत हे कळणारही नाही.

१९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने बर्फ काढून टाकलं आणि मॉन्स लावलं. ऑलिंपस तेवढा राहिला. शेजाऱ्यांचंही असंच, पावोनिस मॉन्स म्हणजे मोराचा डोंगर, आणि ॲस्क्रेयस मॉन्सचा ठिपका तर आधीच्या नकाशांत 'लेकस' म्हणजे तळं होता, त्या तळ्याचा पुढे डोंगर झाला. त्या नावामागचं ॲस्क्रा हे हेसिओड या ग्रीक कवीचं गाव, ज्याला त्याने स्वतःच भरपूर नावं ठेवली होती. आणि हो, मंगळावर लोणार नावाचं विवरसुद्धा आहे, आपल्या बुलढाण्याच्या लोणारवरून. हे शाळेत सांगा की पोरांना!

अजून एक, मार्स म्हणजे ग्रीकांचा युद्धदेव आरेस, झ्यूसचा पोरगा, आणि बापाचं त्याच्याशी अजिबात पटायचं नाही. त्याच पोराच्या ग्रहावर बापाचा डोंगर येऊन बसलाय. हे कुणी ठरवून केलं नसणार पण मला भारी आवडतं.

आणि ज्या बर्फाला नावातून हाकललं त्याचं पुढे काय झालं बघा. २०२४ मध्ये युरोपियन यानांच्या फोटोंत ऑलिंपस मॉन्सच्या माथ्यावर पहाटेचं दहिवर सापडलं, पाण्याचं, गोठलेलं, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढा पातळ थर, ऊन चढलं की गायब. शियापरेलीला दिसलं ते हे नव्हे, मान्य, पण निक्स अगदीच खोटं नव्हतं म्हणायचं. ऑलिंपस मॉन्स आणि शेजारचे ज्वालामुखी मिळून हे पाणी किती, तर शास्त्रज्ञ म्हणतात थंडीच्या दिवसांत रोज ६० ऑलिंपिक स्विमिंग पूल भरतील एवढं. आणि हे ऑलिंपिक थेट ऑलिंपस डोंगरावरून आलेलं नाही बरं का, ते ऑलिंपिया नावाच्या गावावरून, जे त्या डोंगरापासून चांगलंच लांब आहे. भाच्याला हे अजून सांगितलेलं नाही, नाहीतर रात्री जेवायला उठायचा नाही तो.