एंडपेंट ब्रश काढून टाकत नाही

विन३२ (विंडोजचे प्रोग्रॅम लिहायची मूळ फंक्शन्स) शिकणाऱ्यांमध्ये ब्रशबद्दल, म्हणजे आकारात रंग भरायच्या ऑब्जेक्टबद्दल, एक सल्ला फिरतोय: 'क्रिएटसॉलिडब्रशने केलेला ब्रश डिलीट करायची गरज नाही, एंडपेंट झालं की विंडोज तो स्वतः काढते.' हे चूक आहे, कृपया पुढे पाठवू नका. एंडपेंट हे विंडो रंगवून झाल्यावर बोलवायचं फंक्शन फक्त डीसी (डिव्हाइस कॉन्टेक्स्ट, ज्यावर आपण चित्र काढतो) परत करतं. ब्रश तसाच राहतो. दर रीपेंटला नवा ब्रश केलात तर प्रोसेसची १०,००० जीडीआय हँडलची (जीडीआय म्हणजे विंडोजचा चित्र काढणारा भाग; प्रत्येक ब्रशला एक हँडल लागतं) नेहमीची मर्यादा भरते आणि आकार रंगेनासे होतात. टास्क मॅनेजरमध्ये 'जीडीआय ऑब्जेक्ट्स' कॉलम लावा, विंडो लहानमोठी करत राहा. आकडा चढताना दिसेल. गोंधळ बहुधा विंडो क्लासच्या (विंडो बनवण्यासाठी आधी रजिस्टर केलेला साचा) बॅकग्राउंड ब्रशमुळे झाला असावा. तो मात्र क्लास अनरजिस्टर होताना विंडोज खरंच काढते. तुम्ही केलेला ब्रश सिलेक्टऑब्जेक्टने डीसीत बसवला असेल, तर आधी त्याच फंक्शनने जुना ब्रश परत बसवा, मगच डिलीटऑब्जेक्टने तुमचा ब्रश काढा. फिलरेक्टला (चौकोन रंगवणारं फंक्शन) ब्रश थेट देता येतो, तिथे नुसतं डिलीट पुरतं.