वारा फुकट, अँपिअर महाग

शिडाच्या बोटीवर राहतो म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, "वा! वाऱ्यावर चालता म्हणजे खर्चच नाही." बोट वाऱ्यावर चालते हे खरं. पण तिच्यातलं बाकी सगळं बारा व्होल्टवर चालतं, आणि त्या बारा व्होल्टपायी आम्ही कायम दारोदार फिरत असतो.

डिसेंबरात कॅनरी बेटांवरून कॅरिबियनला निघालेली चाळीस फुटी बोट घ्या. पुढ्यात अटलांटिकचे २,७०० सागरी मैल. फ्रिजचा काँप्रेसर ५ अँपिअर ओढतो आणि उष्ण कटिबंधात निम्मा दिवस चालूच असतो, म्हणजे दिवसाला ६० अँपिअर-तास (एक अँपिअर तासभर ओढला की एक अँपिअर-तास). ऑटोपायलट दिवसाला ८० खातो. नकाशा दाखवणारा प्लॉटर, आसपासची जहाजं दाखवणारं एआयएस, रेडिओ मिळून ५०. दिवे, पंखे, मोबाइल धरून आकडा २०० ला टेकतो. बॅटऱ्या लेड-ॲसिडच्या, ४०० अँपिअर-तासांच्या. पण निम्म्याखाली वारंवार उतरवल्या तर त्यांचं आयुष्य झपाट्याने घटतं, आणि वरचे २० टक्के समुद्रात सहसा भरतच नाहीत. हाती उरतात १२०. म्हणजे रात्रीचं भागतं. सकाळी कुणीतरी कमवायला हवं.

३०० वॅटची सोलर पॅनेलं निरभ्र दिवशी ७५ ते ९० देतात, सावली नसेल तर. बोट पश्चिमेला चाललेली, पॅनेलं मागच्या टोकाला. दुपारनंतर सूर्य पुढे जातो आणि शिडं आपली सावली नेमकी पॅनेलांवर टाकतात. पॅनेलातले सेल एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे एका झाकलेल्या सेलपायी अख्खी ओळ बसते; झाकलेल्या सेलना वळसा घालून वीज नेणारा बायपास डायोड असला तरी पॅनेलचा तिसरा हिस्सा गेला. सावली शिडाचीच हवी असं नाही, दोरखंडाचीही पुरते. म्हणून प्रत्येक पॅनेलला वेगळा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलातून जास्तीत जास्त वीज काढणारं यंत्र) लावावा. सावली हटत नाही, पण एकाचं दुखणं दुसऱ्याला लागत नाही.

मग पवनचक्की. व्यापारी वारा १५ नॉट (म्हणजे तासाला १५ सागरी मैल), पण पाठीमागून. बोट स्वतः ६ नॉटने पुढे पळते. चक्कीच्या वाट्याला ९ नॉट. वीज वाऱ्याच्या वेगाच्या घनात बदलते, त्यामुळे मिळते पाचवा हिस्सा. नांगर टाकल्यावर हीच चक्की झडझडून चालते, आणि शेजारच्या बोटींना आपली ओळख आपोआप होते.

या वाटेवर खरी कमावती वस्तू म्हणजे दोरीने पाण्यातून मागे ओढलेला, फिरून वीज बनवणारा पंखा. ६ नॉटला ५ ते ८ अँपिअर, तेही रात्रंदिवस. त्याच्यात समुद्री गवत अडकतं, कधी एखादा मासा त्याला भक्ष्य समजतो. आत घ्यायचा तर आधी बोटीचा वेग कमी करा. नाहीतर तो फिरतच राहतो आणि वीस मीटर दोरीच्या जिलब्या होतात. पीळ काढायला दोरीचं आतलं टोक सोडून दुसऱ्या बाजूने पाण्यात सोडत जावं. बोटावर विश्वास असेल त्याने हातमोजे घालू नयेत.

उरलं इंजिन. त्यावर वीज बनवणारा १०० अँपिअरचा अल्टरनेटर तापला की ६० वर येतो, आणि चार्जिंग आवरणारा मूळचा रेग्युलेटर मोटारीच्या बॅटरीच्या मापाचा असतो; त्याजागी तीन टप्प्यांचा बाहेरचा बसवावा. तरी ८० टक्क्यांनंतर लेड-ॲसिड बॅटरी सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी 'पुरे, पुरे' करत एकेक घास घेते. शेवटच्या घासांसाठी डिझेल तासन्‌तास कमी भारावर फिरवलं की सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होतात आणि इंजिन तेल प्यायला लागतं. लिथियम बॅटरीचं उलटं: ती नको म्हणतच नाही. इंजिन संथ, अल्टरनेटरला थंड करणारा पंखाही संथ, आणि मागणी पूर्ण, अल्टरनेटर जळतो. भरल्यावर बीएमएसने (बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटने) झटकन संबंध तोडला तर अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळून डायोड जातात. मध्ये करंटला लगाम घालणारा डीसी-डीसी चार्जर हवाच.

माझ्या मते पैसे आधी बचतीत घालावेत. डोलकाठीवरचा २५ वॅटचा जुना बल्ब रात्रभरात २५ अँपिअर-तास खातो, एलईडी दोन-तीन. फ्रिजभोवती चार इंच इन्सुलेशन घाला. आणि ऑटोपायलटऐवजी वाऱ्यावर चालणारी सुकाणूची यंत्रणा बसवा: तिला वीज शून्य, म्हणजे रोजचे ८० वाचले. मागून मंद वारा असला की मात्र तीही भरकटते. तेव्हा सुकाणूवर माणूस बसवावा. त्याला तासाला एक चहा लागतो, पण तो गॅसवर होतो.