राखणीचं पिल्लू अंधारात कोंडायला सांगणारा मेसेज

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत सध्या ‘रॉटवायलर कडक कसा करावा’ असा एक मेसेज फिरतोय. तो वाचून आमच्या मामांनी रॉटवायलर जातीच्या कुत्र्याचं अडीच महिन्यांचं पिल्लू गोठ्यामागच्या खोलीत कोंडलं. आता गप्प बसणं शक्य नाही.

‘सहा महिने माणूस दिसू देऊ नका, मग परक्याला फाडतंय.’ त्या मेसेजमधलं सगळ्यात घातक हेच. १९६१ साली अमेरिकेतल्या फ्रीडमन, किंग आणि एलियट या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंच कुंपणाच्या आवारात पिल्लं माणसांपासून लांब वाढवली. काहींना दुसऱ्या ते नवव्या आठवड्यांच्या दरम्यान आठवडाभर माणसांत आणलं, काहींना चौदाव्या आठवड्यापर्यंत आणलंच नाही. ही उशिरा आणलेली पिल्लं रानटी जनावरासारखी बुजायची आणि नंतरही नीट माणसाळली नाहीत. ती कॉकर स्पॅनियल आणि बीगल होती, म्हणजे मवाळ जातीची. तीच भीती पन्नास किलोच्या रॉटवायलरच्या अंगात मुरली तर काय होईल? घाबरलेला कुत्रा चोर ओळखत नाही. समोर येईल त्याला चावतो, मग तो दूधवाला असो, मीटर बघायला आलेला असो की शाळेतून आलेली नात.

आपल्याकडच्या धनगरांचा कुत्रा बघा. पिल्लू असल्यापासून मेंढरांत, बायकापोरांत लोळतो, तरी रात्री वाघरीजवळ, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीजवळ, कोणी फिरकलं की अंगावर जातो. रॉटवायलरही मुळात जर्मनीतला, गुरं हाकणारा कुत्रा. परक्याविषयी सावध राहणं त्याच्या रक्तातच आहे, शिकवायचं असतं ते कोण आपलं, कोण निरुपद्रवी. लशी पूर्ण व्हायच्या आधीही पिल्लाला कडेवर घेऊन माणसं, गाड्या, बैल दाखवता येतात.

‘भाकरीत संकेश्वरी मिरचीची पूड घाला, रागीट होतंय.’ होतं काय, तर तोंड भाजतं आणि जुलाब लागतात. पोट धरून पडलेलं जनावर राखण कसली करणार?

परक्याच्या हातचं खाऊ देऊ नका, एवढं मात्र त्यात बरोबर आहे. मळ्यातल्या कुत्र्यांवर विषप्रयोग होतात, हे नाकारून चालणार नाही. पण ते कोंडून साधत नाही. घरच्यांनीच, ठरल्या वेळी, ठरल्या ताटात घालायचं, बाहेरच्याने टाकलेलं ‘नको’ म्हटल्यावर सोडायला लावायचं, रोज.

‘हाडं जाड व्हायला रोज कॅल्शियम’ हेही नको. थोराड जातीच्या लहान पिल्लाला जादा कॅल्शियम शोषून घेणं थांबवता येत नाही, त्यातून हाडं आणि सांधे बिघडतात. मोठ्या जातीच्या पिल्लांचं चांगलं खाद्य असेल तर वरून काही लागत नाही.

‘जातिवंताला लस लागत नाही’ म्हणे! उलट पार्व्होचा, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाब लावून मारणाऱ्या रोगाचा, धोका रॉटवायलर आणि डॉबरमनला जास्त दिसून आलाय. सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत डोस पूर्ण करायचे. रेबीजची लस तर चुकवायचीच नाही, घरात पोरंबाळं आहेत.

शेवटी ‘सरकारची बंदी आहे, डॉक्टरला दाखवू नका.’ केंद्राने १२ मार्च २०२४ रोजी कुत्र्यांच्या २३ जातींवर बंदी घालण्याविषयी राज्यांना पत्र पाठवलं होतं, त्यात रॉटवायलर होता, हे खरं. पण आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक त्याच एप्रिलमध्ये रद्द केलं. तेव्हा लपवाछपवी न करता पिल्लू उघड दवाखान्यात न्या आणि लसीच्या कार्डावर तारखा लिहून घ्या.