घाम न येणारा नायक

आमच्याकडे मे महिन्यात पुस्तक हातात धरणं हेच मुळात धाडसाचं काम. पारा पंचेचाळीसच्या वर, कूलरच्या ताट्या दुपारी बारालाच कोरड्याठाक. बादलीनं पाणी ओतावं, पहिली गार झुळूक अंगाला लागावी आणि नेमकी लाईन जावी. अंगठ्याचा घाम लागून पानाचे कोपरे गळून पडतात. अशा दिवसांत बाईमाणूस चारशे पानं वाचतं, ते काहीतरी पदरात पडेल या आशेनं. माझ्या पदरात काय पडलं ते सांगते.

पुस्तक भाचीचं. ती नीटची परीक्षा आटोपून अमरावतीहून आमच्या खेड्यावर आराम करायला आली. कशासाठी इथे आराम करायला यावं हे तिचं तिलाच ठाऊक. बॅगेतून कपडे निघायच्या आधी पुस्तक निघालं. "मावशी, हे वाचच. मी तीनदा रडली." कादंबरी इंग्रजीवरून मराठीत आणलेली. मुखपृष्ठावर एक मुलगा आणि एक मुलगी, दोघांची नाकं इतकी जवळ की मधून रेशनकार्ड जायचं नाही. याला यंग अडल्ट म्हणतात, हेही तिनंच सांगितलं.

मी त्या वयाची नाही, हे मान्य. पण प्रेमकथेचं मला वावडं नाही. गावातलं वाचनालय ड वर्गाचं, कपाटं दोनच, पण त्यातल्या प्रेमकथा मी सगळ्या वाचल्या आहेत. काहींची शेवटची पानं वाळवीनं खाल्ली होती. त्यांचा शेवट मी माझ्या मनानं लावला आणि संसार करून दिले. तेव्हा मी काही वाकडं तोंड करून वाचायला बसले नव्हते.

नायिका सतरा वर्षांची. ती स्वतःला अगदीच साधी समजते आणि अख्खी शाळा तिच्यावर फिदा असते. तिला आवडणारे दोघं. एक लहानपणापासूनचा शेजारी, जो हसतो. दुसरा गावात नवीन आलेला, जो हसत नाही. न हसणाराच नायक असणार हे मला दहाव्या पानावर कळलं, तिला दोनशेव्या पानापर्यंत कळलं नाही. आई दुसऱ्या शहरात, बाप कायम कामावर. एक काका नाही, आत्या नाही, शेजारची म्हातारी नाही. असं निवांत गाव मला कुणी दाखवलं तर मी तिथे दोन एकर घेईन.

रात्री आम्ही अंगणात बाजा टाकून झोपतो. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही, म्हणून झोपेपर्यंत त्यांना दिवसभराची गोष्ट सांगावी लागते.

"पोट्टा करते काय?" त्यांनी पहिल्याच रात्री विचारलं.

"काही नाही. भिंतीला टेकून उभा राहतो."

"कोन्या भिंतीले?"

"शाळेच्या."

"मंग शिपाई असन."

भाचीनं उशीत तोंड खुपसलं. ती रडत होती की हसत होती, अंधारात समजलं नाही.

पुस्तकातल्या पोरीची एक खोड मात्र माझ्या डोक्यात गेली. तो जवळ आला की ती श्वास धरते, आणि तो लांब गेला की 'आपण श्वास धरला होता हे तिला आता कुठे जाणवलं' असं वाक्य येतं. दर प्रकरणात एकदा तरी येतं. आमच्या घरात दम्याचं माणूस आहे. श्वास अडकलेला त्याला कळत नाही असं मी आजवर पाहिलं नाही. कळतो, आणि घरच्यांनाही कळतो. करोनाच्या वेळी आशाताई बोटाला लावायची ते यंत्र या पोरीला कुणीतरी लावायला हवं होतं. कादंबरी शंभर पानांत संपली असती.

मग तो खिडकीचा प्रसंग. भाचीच्या मते पुस्तकाचा प्राणच तो. नायक मध्यरात्री खिडकीतून आत शिरतो आणि नायिका झोपलेली असताना पहाटेपर्यंत तिच्याकडे पाहत बसतो. हा प्रकार आमच्या अंगणात करून पाहावा. एक तर कुत्रं. दुसरं, सासूबाईंची झोप. तिसरं म्हणजे शेतीची थ्री फेज आमच्याकडे रात्रीची येते, त्यामुळे मध्यरात्री निम्मं गाव जागंच. आमचे हे संत्र्याला पाणी द्यायला निघतात तेव्हा असा कुणी बिनकामाचा पोरगा सापडला, तर त्याच्या हातात बॅटरी देऊन "चाल, बारं धराले" म्हणून घेऊनच गेले असते. पहाटेपर्यंत जागायची हौस तरी फिटली असती.

इथवर मी हसून घेतलं. पण पुढे तो तिचा फोन तपासतो, शेजारच्या मुलाशी बोलायचं नाही म्हणून दम देतो, तिच्या गाडीसमोर आडवा उभा राहतो, आणि लेखिका या सगळ्याला प्रेम म्हणते. "किती काळजी घेते ना तो," भाची म्हणाली. मी म्हटलं, "पोरी, ती सतरा वर्षांची आहे, म्हणजे मुलांच्या मदतीचा १०९८ लागतो. अठरा झाली की बायकांच्या मदतीचा १८१. दोन्ही नंबर पाठ कर आणि मग वाच." ती दुपारभर माझ्याशी बोलली नाही.

तिला वाटलं, मावशी जुन्या वळणाची. खरं म्हणजे माझी पंचाईत उलटी झाली. ही नायिका मला फारच मागासलेली वाटली, कारण आम्ही तिवसा तालुक्यातले. कौंडण्यपूर आमच्याच तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी. रुक्मिणीचं माहेर. आषाढीसाठी तिची पालखी अजून तिथून पंढरपूरला जाते. लग्न जमावं म्हणून इकडे पोरींच्या हातात एकनाथांचं रुक्मिणी स्वयंवर देतात, माझ्याही दिलं होतं. भागवतातलं रुक्मिणीचं पत्र सात श्लोकांचं. त्यात प्रेम आहेच, पण बेतही आहे. लग्न उद्यावर आलंय, आज ये, येताना सैन्य आण. महालातून नेशील तर माझीच माणसं मारावी लागतील, म्हणून कुळाचाराप्रमाणे मी गावाबाहेर गिरिजेच्या देवळात जाईन, तिथून ने. अमरावतीत लोक अंबादेवीचं देऊळ दाखवतात, ते हेच म्हणून. सात श्लोकांत सगळं मार्गी. आमच्या यंग अडल्टबाई एक अख्खं प्रकरण फोनवर 'हाय' लिहितात आणि पुसतात.

आणि दमयंती? तीही इथलीच, कुंडिनपूरच्या भीमराजाची लेक. स्वयंवरात तिच्यापुढे हुबेहूब नळासारखे पाचजण. चार देव, एक नळ. तिनं ओळखलं कसं, तर देवांना घाम येत नाही, पापणी लवत नाही, अंगावर धूळ नाही, माळ ताजी, पाय जमिनीला टेकत नाहीत. घामेजलेला, धुळीनं माखलेला, माळ कोमेजलेला जो होता, त्याच्या गळ्यात तिनं हार घातला. पाच उमेदवार, एक बैठक, निकाल जाहीर.

आता पुस्तकातला पोरगा बघा. पापणी न लववता पाहतो, हे पानापानावर. येतो तेव्हा पावलाचा आवाज नाही. मारामारी करून आला तरी शर्टाला सुरकुती नाही. आणि भर उन्हाळ्यात चामड्याचं जाकीट घालून फिरतो, कपाळावर घामाचा थेंब नाही. सगळ्या खुणा जुळल्या. दमयंतीनं याला पहिल्याच प्रकरणात हात जोडले असते आणि पुढे गेली असती.

हे सगळं मी रात्री बाजेवर ऐकवलं. सासूबाई खूश. भाची थोडा वेळ गप्प राहिली, मग उठून बसली.

"पण मावशी, त्याच नळानं तिले जंगलात झोपलेली टाकून दिली ना? तिचं अर्धं लुगडं फाडून घेऊन गेला. आमचा हिरो निदान पाहत तरी बसते."

नीटची तयारी केलेली पोरगी. हा मुद्दा मला सुचला नव्हता असं नाही, तो मी मुद्दाम गाळला होता.

"अगं, पण मग तिनं शोधून काढलाच की त्याला," मी जोर लावला. "रूप बदलून, सारथी होऊन आला होता. हिनं दासीला धाडलं, त्यानं शिजवलेलं मटण मागवलं, चाखलं, आणि चवीवरून ओळखलं. नवरा!"

बाजेवर शांतता. मग सासूबाईंचा आवाज आला.

"त्या तुह्या भिंतीवाल्या पोट्ट्याले सयपाक येते काय?"

भाचीनं मोबाईलचा टॉर्च लावला आणि पानं चाळायला लागली. बरीच चाळली. किडे जमा झाले. माझ्याकडे पाहिलं, मी मान वळवली.

"कॉफी येते, आजी."

"घरी का दुकानातून?"

"...दुकानातून."

"मंग नाई जमत," सासूबाई म्हणाल्या आणि कूस बदलून झोपल्या. भाचीनं टॉर्च विझवला नाही. पुस्तकाचे अजून दोन भाग आहेत, त्यातल्या दुसऱ्यात तो नक्की शिकतो, असं ती मला बारा वाजेपर्यंत पटवत होती.