एमसीबी पाडली म्हणजे लाइन मेली असं नाही

"एमसीबी पाडा. मशीन असेल तर स्टॉप बटण पुरे. टेस्टर पेटला नाही की बिनधास्त हात घाला. वेगळा आयसोलेटर म्हणजे पैशाची नासाडी." हा मेसेज वायरमन मंडळींत जोरात फिरतोय. (एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच; आयसोलेटर म्हणजे कामाआधी लाइन पूर्ण तोडायचा स्विच.) तो पाळला तर जीव जाऊ शकतो.

एमसीबी पाडायची, पण कुठली? सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. मागे कुठे फेज-न्यूट्रल उलटे झाले असतील तर एमसीबी ऑफ असूनही आत 230 व्होल्ट असतात. दोन सर्किटांना एकच न्यूट्रल असेल तर धोका आणखी लपून बसतो: आपलं सर्किट बंद आहे म्हणून न्यूट्रलचा जोड सोडला, की शेजारच्या सर्किटचा फेज त्याच्या लोडमधून सुट्या टोकावर येतो. म्हणून बोर्डाच्या तोंडाशी सिंगल फेजला डबल पोल, थ्री फेज-न्यूट्रलला फोर पोल आयसोलेटर हवा. अर्थिंगची तार मात्र कुठल्याच स्विचमधून न्यायची नाही. आणि घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचं आउटपुटही वेगळं तोडावं लागतं.

एमसीबी आयसोलेशनला, म्हणजे लाइन खात्रीने तोडायला, चालतच नाही, असंही नाही. तिच्या अंगावरची आकृती बघा: फुली म्हणजे ब्रेकर, आणि संपर्काच्या टोकाशी आडवी छोटी रेघ असेल तर ती आयसोलेशनला योग्य.

स्टॉप बटण फक्त कॉन्टॅक्टरची (मोटरला वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचची) कॉइल सोडतं. कॉन्टॅक्ट चिकटले असतील तर फेज मोटरपर्यंत तसाच पोचतो. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर सप्लाय तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये सुमारे 585 व्होल्ट डीसी उरतात (415 व्होल्ट सप्लायवर). ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं थांबा, मग डीसी मोजा.

निऑन टेस्टरचा करंट तुमच्या अंगातून जातो. लाकडी स्टुलावर, रबरी बुटांत तो जिवंत फेजवरही जेमतेम पेटतो, आणि उन्हात ते दिसतही नाही. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर घ्या. आधी चालू लाइनवर तपासा, मग कामाच्या जागी, मग पुन्हा चालू लाइनवर. थ्री फेज-न्यूट्रलला दहा मापं: फेज-फेज तीन, फेज-न्यूट्रल तीन, फेज-अर्थ तीन, न्यूट्रल-अर्थ एक.

आयसोलेटर घेताना त्यावर आयएस/आयईसी 60947-3 हे मानक बघा. मोटरसाठी एसी-23ए (मोटरचा लोड चालू-बंद करायचा वर्ग) खालचा अँपिअर आकडा धरा, कारण वर ठळक छापलेला आकडा बहुधा त्याहून मोठा असतो. एसी-20 वाला (फक्त लोड नसताना चालवायचा) लोडवर ओढला तर आर्क, म्हणजे विजेची ठिणगी, उठतो. हँडल ऑफवर कुलूप घेणारं हवं, आणि चावी काम करणाऱ्याच्याच खिशात.